१ जुलैला जन्मलेला ट्रक

(या भागाचं शब्दांकन. बोलताना जे बोलले ते बहुतेक तसंच ठेवलंय, फक्त "म्हणजे बघा" जरा कमी केलेत.)

हेडफोन लावलेत ना? नसतील तर लावा, कारण आधी एक आवाज ऐकवायचा आहे.

[इंजिन सुरू होण्याचा आवाज]

ऐकलात? हा मॅन ६३०. जर्मन लष्कराचा पाच टनी ट्रक, साल १९६४. सहा सिलेंडर, आठ लिटरपेक्षा मोठं इंजिन, आणि ताकद फक्त १३० हॉर्सपॉवर. आजकालच्या साध्या मोटारीतसुद्धा तेवढी असते. वेग विचारू नका. ताशी ६०-६५ ला पोचला की आम्ही एकमेकांकडे बघून हसतो.

मागच्या एका भागात मी सहज बोलून गेले होते की आम्ही फौजेतून निघालेला जुना ट्रक घेतलाय आणि त्याला "ऐतिहासिक वाहन" म्हणून नंबर मिळालाय. त्यावर इतके मेसेज आले! "ताई, कायदेशीर आहे का?" "कागद कुठून आणले?" "आपल्याकडे शक्तिमानचं असं पासिंग होतं का?" शेवटचा प्रश्न तर किमान दहा जणांनी विचारला. म्हणून आजचा अख्खा भाग त्यावरच.

एक गोष्ट आधीच सांगते. मला वाटायचं, गाडी म्हातारी झाली की ती आपोआप ऐतिहासिक होते. तसं नसतं. ट्रक रांगेला लावण्यापेक्षा "तो कोण आहे" हे सिद्ध करायला आम्हाला जास्त वेळ लागला.

शक्तिमानचा थोरला भाऊ

थोडं मागे जाते. माझे आबा फौजेत ड्रायव्हर होते. सातारा जिल्ह्यातलं आमचं गाव, घरटी एक माणूस फौजेत. आबांनी वर्षानुवर्षं चालवला तो शक्तिमान. लहानपणी इतर पोरांना शक्तिमान म्हटलं की टीव्हीवरचा गोल गोल फिरणारा आठवायचा, मला मात्र हिरवा ट्रक आठवायचा.

आता हे बऱ्याच जणांना माहीत नसतं की तो शक्तिमान मुळात जर्मन. मॅन या कंपनीच्या ट्रकचं लायसन्स घेऊन १९५९ पासून जबलपूरला आपल्या सरकारी कारखान्यात तो बनायला लागला आणि १९९० च्या दशकापर्यंत बनत राहिला. डोंगर, वाळवंट, पूल नसलेल्या नद्या, सगळीकडे तोच. पुढे स्टॅलियन आला आणि शक्तिमान हळूहळू लिलावात निघाले.

मी नोकरीसाठी म्युनिचला आले. म्युनिच म्हणजे मॅनचं गाव. एका रविवारी जुन्या गाड्यांच्या मेळाव्याला गेले, तर रांगेत एक हिरवा ट्रक उभा. ते लांब नाक, ते गोल मडगार्ड. मी लगेच आबांना व्हिडिओ कॉल लावला. आबा चष्मा पुसून बघत राहिले आणि म्हणाले, "पोरी, ह्यो तर आपल्या शक्तिमानचा थोरला भाऊ हाय की गं!" बरोबर होतं त्यांचं. एकाच घराण्यातल्या गाड्या या. ६३० आकाराने मोठा, शक्तिमान धाकटा.

त्या ट्रकच्या नंबरप्लेटवर शेवटी एक अक्षर होतं, एच. मी शेजारच्या माणसाला विचारलं, हे काय? तो म्हणाला, "हिस्टोरिश." ऐतिहासिक. तिथून माझं डोकं फिरलं.

एच म्हणजे काय

जर्मनीत ही एचची नंबरप्लेट १९९७ पासून आहे. जुन्या गाडीला तिथे "ओल्डटायमर" म्हणतात, शब्द दिसतो इंग्रजी पण वापर पक्का जर्मन. नियमाच्या भाषेत अटी अशा: गाडी पहिल्यांदा रस्त्यावर आली त्याला किमान ३० वर्षं झालेली हवीत. ती बऱ्यापैकी मूळ स्वरूपात हवी. अवस्था चांगली हवी. आणि शेवटची अट मला फार आवडते: ती गाडी तांत्रिक सांस्कृतिक वारसा जपण्यासाठी असावी. ट्रकला "वारसा" म्हणणारा कायदा! आबांना हे वाचून दाखवलं तर ते म्हणाले, "मग मलाबी लावा की एच."

फायदे काय? एक, वार्षिक कर ठरलेला. इंजिन केवढं, वजन किती, धूर किती, काही बघत नाहीत. मोटार असो की ट्रक, वर्षाला १९१.७३ युरो. दोन, मोठ्या शहरांमध्ये प्रदूषण कमी करायला जे पट्टे आखलेत, जिथे हिरव्या स्टिकरशिवाय गाडी नेता येत नाही, तिथे एचवाल्या गाडीला जाता येतं. म्युनिचच्या मध्यातही असा पट्टा आहे. हे नसतं तर १९६४ चं डिझेल इंजिन घेऊन शहरात शिरायचा प्रश्नच नव्हता.

जंगलात राबणारा ट्रक

आता आमचा ट्रक. माझ्या ऑफिसमधला एक सहकारी शनिवार-रविवारी त्याच्या गावच्या स्वयंसेवी अग्निशमन दलात बंब चालवतो, म्हणून त्याच्याकडे अवजड वाहनाचं लायसन्स आहे. माझ्याकडे फक्त मोटारीचं, म्हणजे साडेतीन टनांपर्यंतचं. ते इथे मला नव्याने परीक्षा देऊन काढावं लागलं, कारण भारतातलं लायसन्स नुसतं बदलून मिळत नाही. त्यामुळे भागीदारी ठरली: कागदपत्रं माझी, स्टेअरिंग त्याचं. गाडी नावावर असायला त्या गाडीचं लायसन्स असावंच लागतं असं नाही, म्हणून नोंद माझ्या नावावर.

ट्रक सापडला एका शेतकऱ्याकडे. त्याने तो १९९० च्या दशकात घेतला होता आणि जंगलातून लाकूड ओढायला वापरला. जर्मनीत सरकारी आणि लष्करी माल विकायला केंद्र सरकारचीच एक कंपनी आहे, फेबेग नावाची. बंद लिफाफ्यासारख्या बोली लागतात, ज्याची जास्त त्याला माल. शेतकऱ्याने तिथूनच घेतलेला. आम्ही दोघांनी मिळून साडेसहा हजार युरो दिले आणि वर त्याच्या बायकोने सफरचंदाचा केक दिला.

मग मी विचारलं, "आरसी बुक?" म्हणजे तिथलं जे काही असतं ते. शेतकऱ्याने खांदे उडवले. नाहीच! लष्करात असताना ट्रकला वाय अक्षराने सुरू होणारा लष्करी नंबर होता. तो विकताना काढून घेतला. नंतर ट्रक फक्त शेतात आणि जंगलात फिरला, सार्वजनिक रस्त्यावर नोंदणी करून आलाच नाही. म्हणजे साठ वर्षांचा ट्रक आणि नागरी आयुष्यात त्याचा एकही कागद नाही. होती ती फक्त लिलावाची पिवळी पडलेली पावती, आणि त्यावरच्या नंबरातले शेवटचे दोन आकडे उंदरांनी खाल्लेले. खरंच सांगते.

पहिलं काम: तू कोण?

कुठल्याही देशात जुन्या गाडीचं पासिंग करायचं असेल तर पहिला प्रश्न हाच येतो. चेसिस नंबर काय? तो कागदावर, पाटीवर आणि लोखंडावर एकच आहे का?

आमच्या केबिनमध्ये कंपनीची पाटी होती. त्यावर नंबर आणि उत्पादनाचं साल १९६४. पण नुसती पाटी कोणीही काढून दुसऱ्या गाडीला लावू शकतो, म्हणून चेसिसवर ठोकलेला नंबर हवाच. जर्मन नियमाप्रमाणे तो गाडीच्या पुढच्या भागात उजव्या बाजूला असतो. आम्ही बघितलं तर तिथे हिरव्या रंगाचे थरावर थर. लष्करात दर काही वर्षांनी रंग मारायचा, खालचा न काढता. मी तारेचा ब्रश घेऊन चिखलात झोपले आणि घासत बसले. हिरवा, मग वेगळा हिरवा, मग अजून वेगळा हिरवा. मधे ग्राइंडर लावायचा मोह झाला होता. सहकारी ओरडला, "वेडी आहेस का? नंबर गेला तर ट्रक गेला!" ऐका मंडळी, हे लक्षात ठेवा: चेसिस नंबरच्या जागी कधीही ग्राइंडर लावायचा नाही. रंग काढायचं केमिकल लावा, ब्रशने घासा, वेळ द्या. नंबर खोडल्यासारखा दिसला तर पुढे तुम्ही चोर नाही हे तुम्हालाच सिद्ध करत बसावं लागतं.

दोन तासांनी आकडे दिसले. पाटीशी जुळले. पावतीवरचे जेवढे शिल्लक होते तेवढेही जुळले. मी फोटो काढून आबांना पाठवला. त्यांचा एका शब्दाचा रिप्लाय आला: "सापडला."

कॅम्पर की ट्रक?

आता खरं भांडण. माझ्या सहकाऱ्याचं स्वप्न वेगळं होतं. तुम्ही इन्स्टाग्रामवर बघितलं असेलच, मिलिटरी ट्रकवर पांढरी केबिन बसवतात, आत किचन, बेड, सोलर, आणि निघाले मंगोलियाला. त्याला तेच करायचं होतं. त्याने केबिनचं कोटेशनसुद्धा आणलं.

मी म्हटलं, पैसे द्यायच्या आधी तपासनिसाला विचारू. आणि मित्रांनो, आजच्या भागातून एकच सल्ला घ्यायचा असेल तर हा घ्या: आधी विचारा, मग खर्च करा. आम्ही तपासणी केंद्रात वेळ घेऊन नुसते फोटो दाखवायला गेलो. तिथल्या वयस्कर तपासनिसाने दोनच मिनिटांत चित्र स्पष्ट केलं.

एचसाठी गाडीत बदल चालतात, पण ते त्या काळातले हवेत. गाडी नवी असताना, साधारण पहिल्या दहा वर्षांत जे बदल होत होते किंवा होऊ शकत होते, ते चालतात. म्हणजे १९६० च्या दशकातली रेडिओची पेटी किंवा वर्कशॉपची पेटी मागे बसवली असती तर बोलता आलं असतं. पण आजच्या फायबरची केबिन आणि वर सोलर पॅनल? "मग तो छान कॅम्पर होईल," तपासनीस म्हणाले, "पण १९६४ चा ट्रक राहणार नाही. साधा नंबर घ्या, साधा कर भरा, मला काही अडचण नाही."

ते वाक्य आम्हा दोघांना लागलं. बाहेर येऊन गाडीत अर्धा तास वाद झाला. त्याचं म्हणणं, ट्रक वापरण्यासाठी असतो, बघण्यासाठी नाही. त्यातही तथ्य होतं. माझं म्हणणं, असे कॅम्पर हजारो आहेत, असा ट्रक कमी होत चाललाय. शेवटी त्यानेच विचारलं, "तुझे वडील याच्यात काय बघतील?" मी म्हटलं, हौदा, फाळका, ताडपत्री. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "ठीक. पण ताडपत्रीखाली मी झोपणार." झोपतो तो अजूनही, मेळाव्यांना.

एक हिवाळा

तर मग उलटं काम सुरू झालं. शेतकऱ्याने लाकडासाठी हौद्यात लोखंडी पिंजरा वेल्ड केला होता. तो कापून काढला. लाकडी फळ्यांचा मूळ हौदा कुजला होता, त्याच मापाच्या फळ्या कापून बसवल्या. ताडपत्रीच्या कमानी दुसऱ्या एका भंगारातल्या ६३० वरून आणल्या. ब्रेकचे रबरी होज सगळे नवे. टायर दिसायला जाड होते पण बाजूने तडे गेलेले, तेही बदलले. सगळ्यात जास्त पैसे तिथेच गेले. वायरिंग २४ व्होल्टचं, त्यामुळे मोटारीचा बल्ब उचलून लावला असं चालत नाही.

काही गोष्टी फौजेच्या होत्या, त्यांचं काय करायचं? दारावर जर्मन लष्कराचं क्रॉसचं चिन्ह पुसट दिसत होतं. ते काढलं. गाडी आता लष्कराची नाही, मग चिन्ह लावून फिरायचं कशाला? युद्धात शत्रूला दिसू नये म्हणून असतात ते मंद दिवे, त्यांची वायर तपासनिसांनी तोडायला सांगितली, दिवे मात्र जागेवर ठेवू दिले. रंग हिरवाच ठेवला. सीटबेल्ट मुळातच नव्हते, त्यामुळे बसवायची सक्ती नाही, पण त्याच कारणाने तीन वर्षांखालच्या बाळाला यात बसवता येत नाही. धुराची तपासणी लागली नाही, कारण १९७७ च्या आधीच्या डिझेल गाड्यांना तिथे ती माफ आहे.

दोन अहवाल, एक खिडकी

आता कागदांची शिडी सांगते, लिहून घ्यायची असेल तर घ्या.

पहिला अहवाल, कलम २१ चा. ज्या गाडीला नागरी कागदच नाहीत तिची संपूर्ण तपासणी. लांबी, रुंदी, वजन, ॲक्सल, ब्रेक, दिवे, सगळं मोजून लिहितात. एका अर्थाने गाडीची जन्मपत्रिका.

दुसरा अहवाल, कलम २३ चा. ही ओल्डटायमरची परीक्षा. मूळ किती, बदल किती, अवस्था कशी. अवस्थेला १ ते ५ असे गुण असतात, १ म्हणजे सर्वोत्तम, आणि एचसाठी किमान ३ हवा. आम्हाला पहिल्या खेपेला नापास केलं. कारण हास्यास्पद होतं आणि चूक आमची होती. मागचे इंडिकेटर आम्ही स्वस्तात मिळाले म्हणून आजकालचे एलईडी लावले होते. तपासनिसांनी नुसतं बोट दाखवलं. आम्ही तीन आठवड्यांनी जुन्या पद्धतीचे लावून परत गेलो.

आणि मग तिसरा प्रश्न आला, जो मला अपेक्षित नव्हता. गाडीची पहिली नोंद कधीची? तारीख पाहिजे. पाटीवर फक्त साल, १९६४. लष्करी नोंदवही आमच्याकडे नाही. मी घाबरले, आता यावर अडकणार. तर समोरच्यांनी शांतपणे लिहिलं: ०१.०७.१९६४. फक्त साल माहीत असेल तर १ जुलै धरायची पद्धत आहे म्हणे.

मी तिथेच हसायला लागले. तपासनीस बघतच राहिले. मग मी त्यांना सांगितलं की आमच्याकडे, महाराष्ट्रातल्या खेड्यांत, जुन्या पिढीतल्या अर्ध्या माणसांचा वाढदिवस १ जूनला असतो. घरी जन्मतारीख कोणी लिहिलेली नसायची, शाळेत घालताना गुरुजी अंदाजाने १ जून टाकायचे. माझ्या आबांचीही १ जूनच. तपासनीस मोठ्याने हसले आणि म्हणाले, "म्हणजे तुमचे वडील आणि हा ट्रक, दोघांनाही कारकुनाने जन्म दिलाय."

शेवटची पायरी नोंदणी कार्यालय, म्हणजे तिथलं आरटीओ म्हणा. दोन्ही अहवाल, पावती आणि शेतकऱ्याशी केलेला विक्रीचा करार, विम्याचा इलेक्ट्रॉनिक क्रमांक, कर बँकेतून कापायची परवानगी, माझं ओळखपत्र. गाडी चोरीची नाही ना हे त्यांनी त्यांच्या बाजूने तपासलं. विम्यात एक गंमत. जुन्या गाडीचा विमा स्वस्त असतो, पण कंपन्या बहुतेक वेळा विचारतात की रोजची गाडी दुसरी आहे ना आणि ही छपराखाली उभी असते ना. आहे, असते.

खिडकीवर नंबर छापून मिळाला. शेवटी एच. मी ती पाटी घेऊन पार्किंगमध्ये उभी राहिले आणि आबांना फोन लावला. ते म्हणाले, "कागद झालं?" मी म्हटलं, झालं. "मग गाडी झाली."

आपल्याकडे काय?

आता तुमचा प्रश्न. शक्तिमान घेऊन असं करता येईल का?

आधी चांगली बातमी. फौजेतून निघालेली गाडी नागरी नोंदणीत आणायचा रस्ता आपल्या कायद्यात आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ६० खाली लष्कराच्या गाड्यांची नोंद वेगळी होते. बाण असलेला नंबर बघितलाय ना, तीच. गाडी सरकारची राहिली नाही की तिला तुमच्या-आमच्यासारखी नोंद लागू होते. त्यासाठी लिलावानंतर संरक्षण खात्याच्या अधिकाऱ्याने दिलेलं विक्री प्रमाणपत्र लागतं, फॉर्म २१. हा कागद जीव की प्राण. तो मूळ प्रतीत नसेल तर ट्रक कितीही देखणा असो, घेऊ नका. आमच्या जर्मन शेतकऱ्याच्या उंदरांची गोष्ट आठवा.

ऐतिहासिक म्हणून नोंदीचे नियम आपल्याकडे २०२१ मध्ये आले. ५० वर्षांपेक्षा जुनी, मूळ स्वरूपातली गाडी. नंबरात "व्हीए" अक्षरं येतात. नव्या नोंदणीची फी २० हजार रुपये, ती १० वर्षं चालते. पुढची नोंदणी ५ हजारांत, ५ वर्षांसाठी. अशी गाडी रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, इंधन भरणं अशा कामांनाच रस्त्यावर आणायची, रोज वापरायची नाही, धंद्याला तर नाहीच.

मग अडचण कुठे? एक, हे नियम दुचाकी आणि खासगी वापराच्या चारचाकी डोळ्यासमोर ठेवून केलेत. मालवाहू ट्रक त्यात सहज बसत नाही. दोन, वय पहिल्या नोंदणीपासून मोजतात. ज्या गाडीचं अर्धं आयुष्य बाणाच्या नंबरावर गेलं, तिचे दिवस कुठून मोजायचे? हे प्रश्न तुमच्या आरटीओला गाडी घ्यायच्या आधी लेखी विचारा आणि उत्तरही लेखी घ्या. आणि तीन, हे मला सगळ्यात चटका लावणारं वाटतं: आपल्या नियमांत ऑलिव्ह हिरवा रंग संरक्षण खात्याच्या गाड्यांसाठी राखीव आहे. म्हणजे शक्तिमान घेतला की पहिलं काम, त्याचा रंग बदलायचा. कारण समजतं, उद्या कोणी हिरवा ट्रक घेऊन छावणीत शिरला तर काय? पण मग "मूळ स्वरूप" कुठे राहिलं? ज्या रंगाने तो ओळखला जातो तोच गेला.

मी कायद्याची जाणकार नाही. पण एक सांगते. आबांनी चालवलेला शक्तिमान लिलावात गेला आणि कापला गेला. त्याचा नंबर त्यांना अजून तोंडपाठ आहे. माझा पहिला मोबाइल नंबर मला आठवत नाही, आणि त्यांना पन्नास वर्षांपूर्वीच्या ट्रकचा नंबर आठवतो. अशा ड्रायव्हरांच्या पिढीतली माणसं आज आपल्या गावागावांत आहेत. ट्रक वाचवायचा नियम येईल तेव्हा येईल. तोवर त्यांना विचारून घ्या. कुठल्या युनिटला होता, कोणत्या घाटात काय झालं, गिअर कसा पडायचा. रेकॉर्ड करा, मोबाइल हातातच आहे. उद्या खरंच एखादा शक्तिमान तपासणीला उभा राहिला, तर "मूळ कसा होता" हे सांगायला कागद कमी आणि हीच माणसं जास्त उपयोगी पडतील.

आबा आले तेव्हा

गेल्या उन्हाळ्यात आबा आले. ट्रक बघायला गोठ्याजवळ गेलो. मला वाटलं ते भावुक होतील. त्यांनी आधी चारही टायरांना लाथ मारून बघितली. मग पाटे बघितले, वाकून डिफरन्शियलखाली तेल गळतंय का ते बघितलं. हौद्यातली बाकं बघून म्हणाले, "जवान बसवता का मागं?" मी म्हटलं, नाही आबा, इथे ट्रकच्या हौद्यात माणसं बसवून रस्त्यावर नेता येत नाही. "मग बाकं कशाला?" मी म्हटलं, होती म्हणून. त्यांनी मान हलवली.

त्यांना स्टेअरिंगवर बसवलं, इंजिन बंद ठेवून. मग सहकाऱ्याने चालवला आणि आबा शेजारी बसले. वळण आलं की त्यांचा उजवा पाय आपोआप दाबला जायचा, ब्रेक नसलेल्या जागी. मी मागून मोटारीतून येत होते, खिडकीतून मला फक्त त्यांचा बाहेर ठेवलेला हात दिसत होता.

परत आल्यावर त्यांनी कागद मागितला. नोंदणीचा. चष्मा लावून सगळं वाचलं, जर्मन येत नसताना. तारखेवर बोट ठेवलं. मी अर्थ सांगितला. ते म्हणाले, "माझी १ जून, ह्याची १ जुलै. साल बावन्न आन् चौसष्ट. धाकटाच हाय माझ्यापरीस." आणि कागद नीट घडी करून मला परत दिला. "जपून ठेव. ह्यो गेला तर परत मिळत नाही."

तर मंडळी, आजच्यासाठी एवढंच. तुमच्या घरात कोणी फौजेत ड्रायव्हर असेल तर त्यांच्या गाडीचा नंबर विचारा आणि मला व्हॉइस मेसेज पाठवा, नंबर नको, गोष्ट पाठवा. पुढच्या एखाद्या भागात त्याच ऐकवू. तोवर काळजी घ्या. आणि चेसिस नंबरला ग्राइंडर लावू नका!